मोठ्या इमारतींचे चिलर आणि पर्यायी रेफ्रिजरंट: नियम लिहिताना पायरीपायरीने काय पाहावे

मोठ्या इमारतीचा वातानुकूलन प्लांट बदलायची वेळ आली की सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरू लागते: नव्या गॅसचा, म्हणजे थंडावा निर्माण करणाऱ्या रेफ्रिजरंटचा, जीडब्ल्यूपी किती? एक किलो वायू हवेत सुटला तर शंभर वर्षांत तो किती किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो, याचे हे माप. आर-४१०ए साठी ते २०८८, आर-१३४ए साठी १४३०, आर-१२३४झेडई साठी एक आकडी. नियम करणाऱ्यांना हा आकडा फार सोयीचा वाटतो. कमाल मर्यादा ठरवली, पुढे तारीख टाकली, की नियम तयार.

तो अर्धाच तयार असतो. वायू पेट घेतो का, विषारी आहे का, यंत्रात किती किलो भरलेला आहे, सुटला तर कोणत्या खोलीत साचेल, यंत्र उघडणाऱ्या माणसाला त्याची सवय आहे का, यांपैकी काहीच त्या आकड्यात नसते. त्यामुळे या लेखात गॅसपेक्षा भरणा, खोली, माणूस आणि नोंदवही यांना जास्त जागा दिली आहे. बांधकाम संहिता लिहिणाऱ्या समित्या, स्थानिक संस्थांचे अभियंते, मोठ्या कॅम्पसचे देखभाल विभाग आणि त्यांचे सल्लागार यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आधी वरची चौकट

१९८७ चा माँट्रियल करार ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंसाठी होता. त्याने आधी आर-११ आणि आर-१२ सारखे सीएफसी (क्लोरिन आणि फ्लोरिन असलेले वायू) बाजूला सारले, नंतर आर-२२ आणि आर-१२३ सारख्या एचसीएफसींना (ज्यांत हायड्रोजनही असतो) वाटेला लावले. त्यांच्या जागी आलेले एचएफसी (क्लोरिन नसलेले) ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमानवाढीत मोठी भर घालतात. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०१९ पासून लागू झाली. बहुतेक विकसित देशांना २०३६ पर्यंत एचएफसीचा वापर ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. विकसनशील देशांच्या पहिल्या गटाने २०२४ मध्ये तो गोठवून २०४५ पर्यंत ८० टक्के कपात करायची आहे. भारत आणि आखाती देश ज्यात आहेत त्या दुसऱ्या गटासाठी गोठवण्याचे वर्ष २०२८ आणि ८५ टक्के कपातीचे वर्ष २०४७.

किगाली दुरुस्ती देशाच्या एकूण वापरावर लगाम घालते. अमुक इमारतीच्या तळघरात कोणता चिलर (इमारतीत फिरवण्यासाठी पाणी थंड करणारे यंत्र) बसवावा, याबद्दल ती काही सांगत नाही. ती जागा स्थानिक नियमाने भरायची असते. मोठा चिलर वीस-पंचवीस वर्षे चालतो. आज बसवलेले यंत्र २०४५ च्या आसपासही टॉप-अपसाठी (गळून गेलेल्या गॅसची भरपाई करायला) गॅस मागणार, आणि तोवर त्या गॅसचा पुरवठा आटलेला असेल.

पायरी १: कुठे काय भरलेले आहे ते लिहून काढा

नोंदणीशिवाय नियम आणला तर पहिली दोन वर्षे फक्त अंदाज बांधण्यात जातात. प्रत्येक यंत्रामागे एक ओळ हवी: यंत्राचा प्रकार, शीतकरण क्षमता, गॅसचे नाव, पूर्ण भरणा किलोमध्ये, बसवल्याचे वर्ष, प्लांट रूम किंवा जागेचे आकारमान, आणि गेल्या तीन वर्षांत किती गॅस भरला. शेवटचा रकाना भरताना लोक टाळाटाळ करतात. नेमका तोच सगळ्यात कामाचा असतो.

त्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा, टन कार्बन डायऑक्साइड समतुल्यचा. किलोला जीडब्ल्यूपीने गुणायचे आणि हजाराने भागायचे. ५०० किलो आर-१३४ए म्हणजे ७१५ टन. तेवढाच आर-५१३ए असेल तर सुमारे ३१५ टन. हा रकाना भरून झाला की बहुधा दिसते ते असे: मोजक्या मोठ्या यंत्रांत शहरातल्या भरण्याचा बराच मोठा वाटा अडकलेला असतो. तपासणीचे मनुष्यबळ कुठे लावायचे याचे उत्तर तिथेच मिळते.

पायरी २: यंत्रांचे गट पाडा, सगळ्यांना एकच नियम लावू नका

नियमाच्या दृष्टीने चार गट पुरतात. (सेंट्रिफ्यूगल, स्क्रू आणि स्क्रोल ही गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरच्या प्रकारांची नावे.)

पहिला, कमी दाबाचे सेंट्रिफ्यूगल चिलर. यांत पूर्वी आर-११, मग आर-१२३ असायचा. आता आर-१२३३झेडडी किंवा आर-५१४ए येतो. दुसरा, मध्यम दाबाचे सेंट्रिफ्यूगल आणि स्क्रू चिलर: आर-१३४ए आणि त्याची जागा घेणारे आर-५१३ए, आर-५१५बी, आर-१२३४झेडई. तिसरा, जास्त दाबाचे, बहुधा गच्चीवर बसणारे स्क्रोल चिलर: आर-४१०ए कडून आर-३२ किंवा आर-४५४बी कडे चाललेले. चौथा गट व्हीआरएफ. यात पाण्याऐवजी गॅसच पाइपातून थेट माणसांच्या खोल्यांपर्यंत जातो.

हा चौथा गट बाकीच्यांपासून पूर्ण वेगळा ठेवा. चिलरमध्ये गॅस प्लांट रूममध्ये किंवा गच्चीवर राहतो आणि खोल्यांत फक्त थंड पाणी फिरते. व्हीआरएफमध्ये झोपलेल्या माणसाच्या डोक्यावरून गॅस वाहत असतो. दोघांना एकच कलम लावणारे मसुदे तयार होतात, आणि त्यांत चिलरवाल्यांवर उगाच बोजा पडतो, तर व्हीआरएफवाले हलक्यात सुटतात.

अमोनिया, प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी हे चारही गटांबाहेरचे पर्याय आहेत. अमोनियाचा जीडब्ल्यूपी शून्य आणि कार्यक्षमता उत्तम, पण तो विषारी आहे आणि तांब्याला खातो, म्हणून त्याचे यंत्र वेगळ्या धातूंत बांधावे लागते. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे; त्याहून गरम हवामानात तो नेहमीच्या पद्धतीने द्रवरूप होत नाही आणि दाब फार चढतो. हे पर्याय नियमात खुले ठेवावेत, त्यांना वेगळी परवानगी लागेल एवढे लिहावे.

पायरी ३: जीडब्ल्यूपीची मर्यादा ठरवा, पण कोणत्या तक्त्यातला आकडा ते लिहा

अमेरिकेच्या २०२३ च्या नियमाने वातानुकूलनाच्या नव्या चिलरसाठी १ जानेवारी २०२५ पासून ७०० ही मर्यादा ठेवली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एफ-गॅस (फ्लोरिनयुक्त वायू) नियमात १२ किलोवॉटवरच्या चिलरसाठी २०२७ पासून ७५० किंवा त्याहून अधिक जीडब्ल्यूपीच्या वायूंना मनाई आहे, सुरक्षिततेसाठी लागणारा अपवाद सोडून. त्यामुळे ७०० ते ७५० हा टप्पा आता निर्मात्यांच्या अंगवळणी पडला आहे. त्याच्या आसपास मर्यादा ठेवली तर बाजारात यंत्रे मिळतात.

आता खाचखळगे. जीडब्ल्यूपी हा आकडा कायमचा ठरलेला नाही. हवामान बदलावरील आंतरशासकीय समिती प्रत्येक अहवालात तो नव्याने काढते. आर-३२ चा चौथ्या अहवालातला आकडा ६७५, पाचव्यातला ६७७ आणि सहाव्यातला ७७१. म्हणजे ‘मर्यादा ७००’ एवढेच लिहिले, तर तेच यंत्र एका तक्त्याने वैध आणि दुसऱ्याने अवैध. आर-१३४ए चे आकडेही १४३०, १३०० आणि १५३० असे वरखाली झाले आहेत. किगाली दुरुस्तीचे हिशेब चौथ्या अहवालाच्या शतवर्षीय आकड्यांवर चालतात. स्थानिक नियमानेही तोच तक्ता धरावा आणि तो परिशिष्टात छापून टाकावा. नुसता अहवालाचा उल्लेख पुरत नाही, कारण आर-५१३ए सारख्या मिश्रणांचा आकडा घटकांच्या प्रमाणावरून काढावा लागतो आणि प्रत्येक जण तो वेगळा काढतो.

दुसरा खड्डा तारखेचा. मर्यादा यंत्र बनवल्याच्या तारखेला लागू, आयात झाल्याच्या, बसवल्याच्या की बांधकाम परवानगीच्या? मोठ्या प्रकल्पात यंत्राची ऑर्डर आणि ते सुरू होणे यांत सहज दोन वर्षे जातात. माझ्या मते बसवल्याची तारीख धरावी, आणि नियम लागू होण्यापूर्वी परवानगी मिळालेल्या प्रकल्पांना ठरावीक मुदतीची सूट द्यावी. मुदत नसलेली सूट म्हणजे कायमची पळवाट.

तिसरे, नवे यंत्र आणि जुन्या यंत्राची देखभाल यांची कलमे वेगळी लिहा. चालू चिलरमध्ये आर-१३४ए भरायला एका रात्रीत बंदी घातली, तर लोक धडधाकट यंत्रे भंगारात काढतील किंवा चोरून गॅस भरतील. देखभालीसाठी काढून शुद्ध केलेला जुना गॅस चालू द्यावा. शुद्धतेसाठी एएचआरआय या उद्योगसंघटनेचे ७०० क्रमांकाचे मानक लावता येते.

पायरी ४: सुरक्षा वर्ग वाचायला शिका

आयएसओ ८१७ (आंतरराष्ट्रीय) आणि अ‍ॅश्रे ३४ (वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संघटनेचे) या मानकांत प्रत्येक रेफ्रिजरंटला एक अक्षर आणि एक अंक मिळतो. ए म्हणजे कमी विषारी, बी म्हणजे अधिक विषारी. सीमारेषा ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) या व्यावसायिक संपर्क मर्यादेवर, म्हणजे कामगाराला कामाच्या वेळात चालणाऱ्या कमाल मात्रेवर, आहे. १ म्हणजे ज्योत न पसरवणारा, २एल म्हणजे हळू जळणारा, मग २, आणि ३ म्हणजे झपाट्याने पेटणारा. २एल मध्ये ज्योतीचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो.

त्याप्रमाणे आर-१३४ए, आर-५१३ए, आर-५१५बी आणि आर-१२३३झेडडी हे ए१. आर-१२३ आणि आर-५१४ए हे बी१. आर-३२, आर-४५४बी आणि आर-१२३४झेडई हे ए२एल. अमोनिया बी२एल, प्रोपेन ए३. जीडब्ल्यूपी जसजसा खाली जातो तसतशी ज्वलनशीलता वर येते, असा साधारण कल आहे. रेणू हवेत लवकर तुटावा अशी अपेक्षा ठेवली की तो ज्वालेतही लवकर तुटतो. आर-१२३३झेडडी हा या नियमाला ठळक अपवाद. मोठ्या सेंट्रिफ्यूगल चिलरमध्ये तो इतका पसरला त्यामागे हेही एक कारण.

वर्ग वाचताना एक बारकावा लक्षात ठेवा. ज्वलनशीलतेची चाचणी ६० अंशांवर होते. आर-१२३४झेडई साधारण ३० अंशांखाली हवेत पेटतच नाही, तरी वर्ग ए२एल. म्हणून ‘ए२एल म्हणजे धोका’ म्हणून सरसकट बंदी घालणे चुकीचे, आणि ‘हा पेटत नाही’ हा विक्रेत्याचा दावा ऐकून प्लांट रूमची अट शिथिल करणेही चुकीचेच. कंप्रेसर असलेली खोली उन्हाळ्यात ३० अंशांच्या खाली क्वचितच असते.

पायरी ५: भरणा आणि खोली यांचा हिशेब

नियमाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून एक उदाहरण करू.

व्हीआरएफच्या एका प्रणालीत २० किलो गॅस आहे. ती ज्या खोल्यांना थंडावा देते त्यांत सगळ्यात लहान खोली १६ चौरस मीटरची, उंची २.५ मीटर, म्हणजे ४० घनमीटर. प्रश्न असा की सगळा गॅस त्या एकाच खोलीत सुटला तर काय? आर-४१०ए साठी अ‍ॅश्रे ३४ मधली सुरक्षित मर्यादा घनमीटरला ०.४२ किलो आहे. म्हणजे या खोलीला १६.८ किलो चालतील. आपल्याकडे २० आहेत. जुन्या, ‘सुरक्षित’ गॅसवरही ही रचना नापास.

आता तिथे आर-३२ धरू. त्याची ज्वलनाची किमान मर्यादा घनमीटरला ०.३०७ किलो, आणि सुरक्षित मर्यादा त्याच्या चतुर्थांश म्हणजे सुमारे ०.०७७ किलो. खोलीला ३ किलोच्या थोडे वर चालतील. २० किलो सुटले तर घनता अर्धा किलो प्रति घनमीटर होईल, म्हणजे पेटण्याच्या किमान मर्यादेच्याही वर. रुग्णालयांसारख्या इमारतींत, जिथले लोक स्वतः उठून बाहेर पडू शकत नाहीत, अ‍ॅश्रे १५ हे त्याच संघटनेचे सुरक्षा मानक ही मर्यादा निम्म्यावर आणते.

याचा अर्थ आर-३२ वर बंदी असा नाही. प्रणालीचे लहान तुकडे करणे, शाखांवर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह बसवणे, खोलीत सेन्सर ठेवून गळती होताच पंखा सुरू करणे, असे उपाय आहेत. ते केल्यास किती भरणा वाढवता येतो याची सूत्रे अ‍ॅश्रे १५ आणि आयईसी ६०३३५-२-४० मध्ये आहेत. नियमात सूत्र पुन्हा लिहू नका. मानकाचे नाव आणि आवृत्ती लिहा, आणि प्रत्येक अर्जासोबत सगळ्यात लहान खोलीचा हिशेब जोडणे सक्तीचे करा. नकाशावर ती खोली शोधून खूण करणे हे अर्जदाराचे काम. बहुतेक वेळा ती केबिन नसते, तर सर्व्हरची किंवा पहारेकऱ्याची छोटी खोली निघते.

पायरी ६: प्लांट रूम

चिलरच्या बाबतीत हिशेब खोलीकडून हवा खेळवण्याकडे सरकतो. अ‍ॅश्रे १५ मधले आपत्कालीन एक्झॉस्टचे पारंपरिक सूत्र सोपे आहे: सगळ्यात मोठ्या यंत्रातील भरण्याच्या किलोंचे वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा, उत्तर लिटर प्रति सेकंदात मिळते. ४०० किलोसाठी २० गुणिले ७०, म्हणजे १४०० लिटर, अर्थात सेकंदाला १.४ घनमीटर. युरोपच्या ईएन ३७८ मध्ये सूत्र वेगळे आहे, आणि त्याच ४०० किलोसाठी उत्तर ०.७६ घनमीटरच्या आसपास येते. दोन्ही मान्यताप्राप्त, आणि फरक जवळपास दुपटीचा. एकच मानक निवडा. दोन्हींचा उल्लेख ‘किंवा’ने जोडला, तर प्रत्येक प्रकल्प लहान पंखाच निवडणार. ए२एल वायूंसाठी अ‍ॅश्रे १५ च्या नव्या आवृत्त्यांत वेगळा तक्ता आहे. तिथे हे वर्गमुळाचे सूत्र वापरू नये.

सेन्सर कुठे लावायचा? एचएफसी आणि त्यांचे नवे भाऊबंद हवेपेक्षा जड आहेत, ते जमिनीलगत साचतात. सेन्सर खाली हवा आणि एक्झॉस्टचे तोंडही खाली. अमोनियाची वाफ हलकी, तिथे उलट. अलार्म कोणत्या पातळीवर वाजावा हेही गॅसनुसार बदलते: आर-१२३ ची व्यावसायिक संपर्क मर्यादा ५० पीपीएम, आर-१२३३झेडडी ची ८००, आर-१३४ए ची १०००, अमोनियाची २५. चिलर बदलला, गॅस बदलला आणि भिंतीवरचा सेन्सर मात्र जुन्याच गॅसचा राहिला, हे तपासणीत नक्की पाहावे. सेन्सर चालू दिसतो, हिरवा दिवा असतो, आणि नव्या गॅसला तो दाद देईलच असे नाही.

त्याच खोलीत बॉयलर असेल तर ज्योतीसाठीची हवा बाहेरून बंद नळीने आणावी. ज्योतीत सापडलेला फ्लोरिनयुक्त गॅस हायड्रोजन फ्लोराइडसारखी घातक आम्ले तयार करतो, मग तो ए१ वर्गाचा असला तरी. सुरक्षा व्हॉल्व्हचा पाइप इमारतीबाहेर न्यावा. अ‍ॅश्रे १५ नुसार त्याचे तोंड जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच आणि खिडक्या, हवेची तोंडे व दारे यांपासून किमान ६.१ मीटर दूर हवे. ताज्या हवेच्या शाफ्टशेजारी सोडलेला पाइप ही नकाशात न दिसणारी आणि जागेवर गेल्यावर चटकन दिसणारी चूक. परवानगीआधी एकदा गच्चीवर जाऊन या.

पायरी ७: जुन्या यंत्रात नवा गॅस

‘ड्रॉप-इन’ (यंत्र न बदलता थेट भरता येणारा गॅस) हा शब्द जाहिरातीत शोभतो, नियमात नको. प्रत्येक बदलासाठी यंत्राच्या निर्मात्याची लेखी संमती, तेल आणि सीलची सुसंगतता, आणि बदलानंतरची क्षमता या तीन गोष्टी मागा.

काही बदल सरसकट मना करावेत: ए१ साठी बांधलेल्या यंत्रात ए२एल किंवा ए३ भरणे. आतील स्विच, रिले, विजेची जोडणी ठिणगीचा विचार करून केलेली नसते. आर-२२ च्या यंत्रात प्रोपेनयुक्त मिश्रणे भरण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो आणि यंत्र चालतेही चांगले, म्हणूनच तो थांबवायला नियम लागतो.

दुसरी बाब मिश्रणांची. ज्यांचा क्रमांक ४०० च्या मालिकेत आहे ती मिश्रणे उकळताना घटकांत विभागली जातात. ५०० च्या मालिकेतली ठरावीक तापमानाला जवळजवळ एकाच पदार्थासारखी वागतात. मोठ्या चिलरमधला बाष्पक (जिथे गॅस उकळून पाणी थंड करतो) बहुधा द्रवरूप गॅसने भरलेला, ‘फ्लडेड’ असतो. तिथे ४०० मालिकेतले आर-४०७सी सारखे मिश्रण टाकले की हलका घटक वर, जड घटक खाली, आणि क्षमता घसरते. आर-१३४ए च्या जागी आर-५१३ए चालतो त्यामागे हेही कारण आहे. वर तो ए१ च राहतो. आर-१२३४झेडई ची आकारमानानुसार क्षमता मात्र आर-१३४ए पेक्षा साधारण पाव भागाने कमी आहे. तो जुन्या यंत्रात भरून तेवढाच थंडावा मिळेल अशी आशा ठेवू नये. त्याच्यासाठी यंत्र नव्यानेच घ्यावे.

पायरी ८: गळती

सगळ्या नियमावलीत एकच कलम नीट राबवता येणार असेल, तर मी हे निवडेन.

आधी दर कसा मोजायचा ते ठरवा. भरलेले किलो भागिले पूर्ण भरणा, गुणिले ३६५ भागिले मागच्या टॉप-अपनंतरचे दिवस. ५०० किलोच्या चिलरमध्ये १४६ दिवसांनी ३० किलो भरले, तर टॉप-अप ६ टक्के, पण वार्षिक दर १५ टक्के. अमेरिकेत मोठ्या वातानुकूलन यंत्रांसाठी १० टक्के ही मर्यादा आहे. ती ओलांडली की दुरुस्ती आणि नंतरची पडताळणी बंधनकारक. दुरुस्तीची मुदत साधारण ३० दिवस ठेवता येते. पडताळणी दोनदा व्हावी: एकदा गॅस भरण्याआधी दाब देऊन, दुसऱ्यांदा यंत्र नेहमीच्या भारावर चालू असताना. दाबासाठी नायट्रोजन वापरावा. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी त्याचा स्फोट होतो.

नियमित तपासणीचे टप्पे युरोपकडून घेण्यासारखे आहेत. ५ ते ५० टन समतुल्यला वर्षातून एकदा, ५० ते ५०० ला सहा महिन्यांनी, ५०० च्या वर तीन महिन्यांनी. आणि ५०० च्या वर स्वयंचलित गळतीशोधक सक्तीचा. गळतीशोधक असला की तपासण्यांमधले अंतर दुप्पट होते, म्हणजे तो बसवणाऱ्याचा फायदाही आहे.

मात्र हे टप्पे जसेच्या तसे उचलू नका. टन समतुल्यवर टप्पे ठेवले की कमी जीडब्ल्यूपीची यंत्रे तपासणीतून गळतात. आर-१२३३झेडडी चा जीडब्ल्यूपी १ धरला तर ५०० किलोचा चिलर अर्धा टन समतुल्य भरतो, आणि त्याची तपासणी कधीच नाही! युरोपने २०२४ मध्ये ही फट बुजवली. अशा वायूंसाठी किलोवर टप्पे ठेवले: १ किलोपासून वर्षाला, १० किलोपासून सहा महिन्यांनी, १०० किलोपासून तीन महिन्यांनी.

कमी दाबाच्या चिलरचे गणित आणखी निराळे. त्यांचा बाष्पक चालू असताना निर्वातात असतो. भोक पडले की गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. ती हवा बाहेर टाकायला पर्ज युनिट असते आणि हवेबरोबर थोडा गॅसही जातो. म्हणून इथे टॉप-अपपेक्षा पर्जचे चालू तास जास्त बोलतात. तास वाढू लागले म्हणजे कुठेतरी भोक आहे. पर्जचा तासमापक वाचून नोंदवहीत लिहिणे सक्तीचे करा. त्याला काही खर्च नाही. आणखी एक: आर-१२३३झेडडी सुमारे १८ अंशांना उकळतो, आर-१२३ सुमारे २८ ला. यंत्र बंद असताना गरम खोलीत आर-१२३३झेडडी चा दाब वातावरणाच्या वर जातो आणि गळती उलट दिशेने, खोलीत होते. सुट्टीच्या काळात बंद पडून राहणाऱ्या यंत्रांना म्हणून सेन्सर चालू ठेवावाच लागतो.

पायरी ९: विजेचा हिशेब मागा

गॅस बदलून यंत्राची वीज वाढली तर काय मिळवले? हे तपासायला एकूण समतुल्य तापमानवाढीचा हिशेब असतो: गळतीचे उत्सर्जन, यंत्र मोडताना सुटलेला गॅस आणि वीस वर्षांच्या विजेचे उत्सर्जन यांची बेरीज.

समजा ५०० किलो आर-१३४ए चा चिलर वर्षाला २० लाख युनिट वीज खातो आणि एका युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वीस वर्षांत विजेचे २८,००० टन. गळती वर्षाला २ टक्के धरली तर २०० किलो, म्हणजे २८६ टन. शेवटी १० टक्के गॅस सुटला तर आणखी सुमारे ७२. गॅसचे एकूण ३५८ टनांच्या आसपास. विजेत नुसती २ टक्के वाढ झाली तर ५६० टन जातात, म्हणजे गॅसमधली सगळी बचत खाऊन वर उरतात. पण गळती वर्षाला १० टक्के असेल तर नुसत्या गळतीचेच १४३० टन होतात आणि गॅस बदलणे लगेच फायद्याचे ठरते. म्हणून चिलरच्या अर्जात जीडब्ल्यूपीसोबत अंशतः भारावरची कार्यक्षमता मागा. पूर्ण भारावर मोठा चिलर वर्षातले थोडेच तास चालतो.

पायरी १०: टीएफए आणि पुढची अनिश्चितता

नव्या वायूंपैकी आर-१२३४वायएफ हवेत तुटून जवळपास पूर्णपणे ट्रायफ्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल (टीएफए) बनतो. ते पावसाबरोबर खाली येते आणि पाण्यात टिकून राहते. आर-५१३ए मध्ये हाच घटक आहे. २०२३ मध्ये जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांनी पीएफएएस (दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या फ्लोरिनयुक्त) रसायनांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. त्याच्या व्याख्येत यातले बरेच वायू येतात, आर-३२ येत नाही. स्थानिक नियमाने यात निवाडा करू नये. परवानगी असलेल्या वायूंची यादी मूळ नियमात न ठेवता परिशिष्टात ठेवावी आणि दर तीन वर्षांनी ती तपासायचे कलम घालावे, एवढे पुरे.

पायरी ११: माणसे, सिलिंडर आणि अंमलबजावणी

प्रमाणपत्राशिवाय कोणी यंत्राला गेज (दाबमापक) लावू नये, आणि ए२एल साठी वेगळे प्रशिक्षण हवे: त्या वर्गासाठी मान्य केलेले रिकव्हरी (गॅस काढून घेणारे) यंत्र, ठिणगी न पाडणारी साधने, काम सुरू करण्याआधी हवा खेळवणे. यंत्र मोडीत काढताना गॅस पूर्ण काढून घेतल्याचा वजनासह दाखला दिल्याशिवाय भंगारवाल्याला चिलर उचलू देऊ नये.

परवानगीचा अर्ज लहान ठेवा. यंत्राची ओळ, सुरक्षा वर्ग, सगळ्यात लहान खोलीचा किंवा प्लांट रूमचा हिशेब, सेन्सरची जागा, सुरक्षा पाइपचे तोंड दाखवणारा गच्चीचा नकाशा. चाळीस पानी अर्ज कोणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या अर्जावर सही करण्याची सवय फार लवकर लागते.

पहिले वर्ष फक्त नोंदणीचे ठेवा, दंडाशिवाय. दुसऱ्या वर्षी ५०० टन समतुल्यवरच्या आणि १०० किलोंवरच्या यंत्रांना गळतीचे कलम लावा. नव्या यंत्रांची मर्यादा तिसऱ्या वर्षी, जेणेकरून हाती घेतलेले प्रकल्प पूर्ण होतील. पडताळणीसाठी प्रत्येक प्लांट रूममध्ये निरीक्षक पाठवणे कोणालाच जमत नाही. त्याऐवजी गॅस विकणाऱ्यावर एक साधे बंधन घाला: प्रत्येक सिलिंडर कोणत्या इमारतीसाठी, कोणत्या प्रमाणपत्रधारकाला, किती किलोचा विकला, याची मासिक यादी. वर्षाअखेरीस ती यादी आणि इमारतींच्या नोंदवह्या शेजारी ठेवा. ज्या इमारतीच्या नावावर विकलेला गॅस आणि तिने दाखवलेला टॉप-अप यांत सगळ्यात मोठा फरक निघेल, पहिली तपासणी तिथे करा. आणि जिच्या नावावर काहीच विकले गेले नाही पण चिलर मात्र वर्षानुवर्षे चालू आहे, दुसरी तपासणी तिथे.